हुजूर, आपली वकिलात कुठं होती?

आला हजरत मीर उस्मान अली खान बहादूर, आसफजाह सातवे,
मुक्काम जूदी मशीद, किंग कोठीसमोर, हैदराबाद, यांसी,

दरबारात रिकाम्या हातानं येऊ नये, एवढा रिवाज आम्हां मोगलाईतल्या लोकांना अजून आठवतो. अशरफी आणायची ऐपत नाही. आजीच्या गाठोड्यात एक हाली रुपया निघाला, तोच नजर करतो. एका अंगाला आपला चारमिनार आहे. वापरून इतका झिजलाय की मिनार तीनच मोजता येतात. हा रुपया हद्दीपलीकडं बार्शीच्या बाजारात नेला की उतरायचा. सात हाली मोजावेत तेव्हा सहा इंग्रजी कलदार हातात पडायचे. आपण नजराणा कधी परत केल्याचं ऐकिवात नाही, तेव्हा ठेवून घ्यावा.

आधी नावाचं सांगून टाकतो. धाराशिवचं उस्मानाबाद आपल्या नावावरून झालं, उस्मानाबादचं धाराशिव २०२३ मध्ये झालं. लोक कोर्टात गेले, मुंबई उच्च न्यायालयानं २०२४ मध्ये नामांतर कायम ठेवलं. आता आपलं नाव एका शेळीपुरतं शिल्लक आहे. उस्मानाबादी शेळी : काळीभोर, काटक, वाळल्या पाल्यावर तगणारी, एका वेताला दोन-दोन करडं देणारी. मनाला लावून घेऊ नका. हैदराबादला आपला मोठा दवाखाना आहे, विद्यापीठ आहे, ते कोण नाकारतो? पण आमच्या जिल्ह्यात आपल्या नावाचं इतकं उपयोगी दुसरं काही राहिलेलं नाही.

पत्राला कारण तसं लहानसं घडलं. आमच्या गल्लीतला एक पोरगा, एसी दुरुस्ती शिकलेला, ओमानमधल्या सलाला गावी कामाला निघाला. जायच्या आदल्या दिवशी पासपोर्ट दाखवायला आला. निळं नवं कोरं पुस्तक, अजून पानं एकमेकांना चिकटलेली. पासपोर्टात राष्ट्रपतींच्या नावानं सगळ्या जगाला एक विनंती छापलेली असते : या माणसाला अडवू नका, लागेल ती मदत आणि संरक्षण द्या. ती मी त्याला मराठीतून सांगितली. तो म्हणाला, “काका, तिकडं काही भानगड झाली तर जायचं कुठं?” म्हटलं, मस्कतला आपली वकिलात आहे, नंबर फोनमध्ये घालून घे. त्यानं तिथंच बसून घातला. ‘वकिलात’ एवढंच नाव लिहिलं, आणि दोनदा तपासलं.

तो गेला आणि माझ्या डोक्यात आपण आलात.

कारण सलालाहून पश्चिमेला निघालं की हद्द ओलांडून हद्रमौतकडं जाता येतं. आणि त्या हद्रमौतची माणसं पिढ्यान्‌पिढ्या उलट्या दिशेनं, पोटासाठी, आपल्या राज्यात येत होती. आपल्या जमियतीत शिपाई म्हणून, खजिन्याच्या पहाऱ्यावर, गढ्यांच्या देवड्यांवर. आपल्या आजे-पणज्यांच्या काळात तर सावकाराचं कर्ज थकलं की कुळाच्या दारात अरब नाहीतर रोहिला येऊन बसायचा. हैदराबादच्या ‘बारकस’ मोहल्ल्यात त्यांची वस्ती आजही आहे. बराकीचं बारकस झालं. त्यांच्यातलं कुऐती घराणं आपल्याकडं जमादारी करत करत इतकं गबर झालं की त्या पैशावर त्यांनी मायदेशी चक्क सल्तनत उभी केली. सुलतानी मुकल्ल्याला, जमादारी हैदराबादेत. आणि १८८८ मध्ये त्या सल्तनतीनं इंग्रजांशी करार करून त्यांचं संरक्षण पत्करलं.

आता समजा, आमच्या नळदुर्गच्या नाक्यावर असा एक अरब शिपाई उभा आहे. पगार आपला. सुलतान मुकल्ल्याचा. सुलतानाच्या डोक्यावर छत्र एडनच्या इंग्रजांचं. बायको इथलीच, आणि पोरं घरात दखनी, बाजारात मराठी बोलणारी; म्हणजे चौथं छत्र सासुरवाडीचं. एका माणसावर चार छत्र्या! पाऊस आला तेव्हा यातली नेमकी कोणती उघडली, हे आपल्याला ठाऊक असावं असा माझा समज होता.

हा छत्र्यांचा खेळ इंग्रजांनी चीनमध्ये आधीच खेळून पाहिला होता. सिंगापूर-पिनांगात जन्मलेला चिनी माणूस कागदावर इंग्रजांची प्रजा. तो धंद्यासाठी बापजाद्यांच्या आमॉय बंदरात उतरला की चिनी अंमलदार म्हणणार आमचा, इंग्रज कॉन्सुल म्हणणार आमचा. १८५१ मध्ये अशाच एका सिंगापुरी चिन्याला तिथल्या अंमलदारानं गुप्त मंडळी काढल्याबद्दल पकडलं. कॉन्सुलनं त्याच्यासाठी तक्रार केली. माणूस परत मिळाला, पण मेण्यात घालून, मेलेला. पुढं १८६८ मध्ये इंग्रजांचे पेकिंगचे वकील रदरफोर्ड अल्कॉक यांनी तोड काढली : चिनी वंशाच्या ज्या प्रजाजनाला आमचं संरक्षण हवं, त्यानं चिनी पोशाख घालू नये. म्हणजे जीव वाचवायचा तर आधी शिंपी गाठायचा. हसू नका हुजूर. आमच्याकडं १९४८ मध्ये हाच कायदा लोकांनी हुकमाशिवाय लागू केला. उन्हाळ्यात पांढऱ्या टोपीला मार होता, दिवाळीच्या आधी तुर्की टोपीला.

आपल्याकडं वकिलांची टंचाई होती, असंही नाही. १५ ऑगस्ट १९४७ ला इंग्रजांचं छत्र मिटलं. ‘इंग्रज सरकारचे विश्वासू दोस्त’ हा किताब त्यांनी आपल्याला दिला होता. किताब आपल्यापाशी राहिला, दोस्त बोटीत बसले. २९ नोव्हेंबरला आपण दिल्लीशी ‘जैसे थे’ करार केलात. मग भारताचे वकील म्हणून कन्हैयालाल मुन्शी बोलारमला येऊन बसले, आपले झैन यार जंग दिल्लीत. लंडनमध्ये आपला माणूस, आणि ऑगस्ट १९४८ मध्ये सुरक्षा परिषदेकडं फिर्याद गेल्यावर मोईन नवाज जंग थेट पॅरिसला. दिल्ली, लंडन, पॅरिस! धाराशिवच्या, कळंबच्या, औशाच्या रयतेची वकिली मात्र आपण कुणाकडं दिलीत? लातूरच्या एका वकिलाकडं.

कासिम रझवी. लातूर त्या वेळी आमच्याच जिल्ह्यात, ते वेगळं झालं १९८२ मध्ये. त्यामुळं हे रत्न आम्ही दुसऱ्याच्या माथी मारू शकत नाही. अलीगढचा कायदा शिकलेला, लातूरच्या कोर्टात वकिली करणारा हा गृहस्थ इत्तेहादुल मुसलमीनचा पुढारी झाला, रझाकारांची फौज वाढवली, आणि दिल्लीच्या लाल किल्ल्यावर आसफजाही झेंडा लावायच्या गोष्टी करू लागला. आपण त्याला आवरलं नाहीत. आपल्याच्यानं आवरला नाही असं आपले चाहते म्हणतात. असेलही. पण मग राजा कशाला म्हणायचं?

रझाकारीच्या त्या महिन्यांत सरहद्दीवरच्या गावांतली हिंदू कुटुंबं रातोरात गाड्या जुंपून इंग्रजी हद्दीत, बार्शी-सोलापूरकडं गेली. आमच्याकडं अजून म्हातारी माणसं ‘इंग्रजीत गेलो’ असं म्हणतात. देश स्वतंत्र होऊन वर्ष होत आलं तरी ओढ्यापलीकडं इंग्रजीच. आजी सांगायची, जाताना तिच्या सासूनं जात्याची खुंटी काढून बरोबर घेतली होती. का, तर आपल्या माघारी दुसऱ्या कुणी आपल्या जात्यावर दळू नये. दागिने पुरले, धान्य सोडलं, आणि खुंटी नेली! सरहद्दीवर काँग्रेसवाल्यांचे कॅम्प होते, त्यांतली पोरं बंदुका घेऊन मोगलाईत शिरत, नाकी जाळत. ऑगस्ट १९४८ मध्ये एका रात्री हैदराबादेत ‘इमरोज’चे संपादक शोएबुल्ला खान यांना मारेकऱ्यांनी गाठलं. ते मुसलमान होते आणि भारतात सामील व्हा असं लिहीत होते. म्हणजे रझवीसाहेबांच्या वकिलातीत मुसलमानालाही संरक्षण पोशाख पाहूनच मिळायचं.

१३ सप्टेंबरला सोलापूरकडून फौज आली. जनरल चौधरींच्या रणगाड्यांपुढं पहिलं ठाणं नळदुर्ग. बोरी नदीवरचा पूल उडवायचा आपला बेत होता म्हणतात. तो शाबूत राहिला. तुळजापुरात दोनेकशे रझाकार दोन तास लढले. लोहाऱ्याकडं जाणाऱ्या तुकडीला नदीच्या पुरानं अडवलं. आपल्या बाजूनं जिद्दीनं लढली ती एवढी एक नदी. १७ तारखेला आपण शरण आलात. नभोवाणीवर बोललात. सगळं पाच दिवसांत.

पण जिल्ह्यातलं खरं त्यानंतर सुरू झालं. आमच्याकडं त्या सगळ्याला ‘पोलीस ॲक्शन’ म्हणतात. तो शब्द उच्चारताना हिंदू म्हातारा मान वर करतो आणि मुसलमान म्हातारा चहाचा कप खाली ठेवतो, हे मी माझ्या डोळ्यांनी एकाच हॉटेलात, एकाच बाकड्यावर पाहिलेलं आहे.

पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांना दिल्लीनं फौजेनंतरच्या कत्तलींची चौकशी करायला पाठवलं. नोव्हेंबरच्या अखेरीपासून २१ डिसेंबरपर्यंत ते फिरले. त्यांनी लिहिलं की राज्यात कमीत कमी सत्तावीस ते चाळीस हजार माणसं गेली. सगळ्यांत जास्त झळ बसलेले जिल्हे चार : उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर, नांदेड. या चारांतच अठरा हजारांच्या वर. बिदागी म्हणून आपल्या नावाचा जिल्हा यादीत पहिला. लातुरात कत्तल वीस दिवसांहून जास्त चालली. तिथं दहा हजारांच्या आसपास मुसलमान होते, समितीला जेमतेम तीन हजार सापडले. हजारावर मारले गेले, बाकीचे नेसत्या वस्त्रानिशी पळाले. रझवीचं गाव ते, पहिला सूड तिथं उगवला. त्यात मोठमोठे कच्छी व्यापारी होते. मूळचे कच्छचे, आणि कच्छ तर १९४७ मध्येच भारतात सामील झालेलं! म्हणजे ज्या देशाची फौज आली, त्याच देशातल्या मुलखाची माणसं. त्यांनी कोणत्या वकिलातीचं दार ठोठवायचं होतं? बोलारमच्या की दिल्लीच्या? दार ठोठवायला वीस दिवस पुरले नाहीत, एवढंच कळतं.

दिल्लीलाही मी सोडत नाही. अहवाल कपाटात गेला तो साठ-पासष्ट वर्षं. २०१३ मध्ये लोकांना सुखानं वाचायला मिळाला. दर १७ सप्टेंबरला मुक्तिसंग्रामाची भाषणं मी लहानपणापासून ऐकतो, आणि ऐकलीच पाहिजेत. रझाकारांशी लढलेल्यांची ती आहेत. त्यांत हे पान कधी उघडत नाही. पण पत्र आपल्याला आहे. दिल्लीला दुसरं लिहीन.

आता अरबांकडं येतो. नव्या लष्करी सरकारनं अरब, पठाण, रोहिले यांना परदेशी ठरवलं, पकडून छावण्यांत घातलं आणि बोटीत बसवून परत पाठवायचं ठरवलं. ‘मुल्की’ आणि ‘गैरमुल्की’ हे शब्द आपल्याच दरबारचे. नोकऱ्या देताना केलेली वर्गवारी माणसं हाकलताना कामाला आली. पण परत म्हणजे कुठं? कुणाचा आजा हद्रमौतचा, बाप नळदुर्गचा, आई तेलंगणातली. ज्याला समुद्र ठाऊक नाही त्यानं बोटीत चढायचं. आणि ज्या हद्रमौतला पाठवायचं तिथं १९४८-४९ मध्ये दुष्काळ पडलेला. छत्र इंग्रजांचं होतं ना? इंग्रजाला विचारावं तर ती भारताची अंतर्गत बाब. सुलतानाला विचारावं तर त्याच्याकडं दाणा नाही. आपल्याला विचारावं तर आपण किंग कोठीत, फाटक लावून. आपले सेनापती अल इदरूस हे स्वतः हद्रमी कुळातले. त्यांनी १८ सप्टेंबरला तलवार खाली ठेवली, एवढीच त्या कुळाची सरकारदरबारी नोंद झाली.

मी आपल्यावर फार कडक होतोय असं वाटेल. म्हणून जे संरक्षण आपण खरोखर दिलंत, तेही लिहितो. आपल्या कारकिर्दीत वकिलातीचा आसरा कुणाला मिळालाच नाही, असं नाही. एकाला मिळाला.

२० सप्टेंबर १९४८. आपण शरण येऊन तीन दिवस झालेले, लातुरात माणसं मरत होती. त्या दिवशी लंडनच्या वेस्टमिन्स्टर बँकेतल्या आपल्या सरकारच्या खात्यातून १०,०७,९४० पौंड आणि नऊ शिलिंग उठले आणि पाकिस्तानचे तिथले हायकमिशनर हबीब इब्राहिम रहिमतुल्ला यांच्या नावे जाऊन बसले. काम केलं मोईन नवाज जंगांनी, तेच पॅरिसचे वकील. रहिमतुल्ला मुंबईच्या बड्या घरातले. दहा लाख पौंड परागंदा होऊन हद्द ओलांडून गेले, आणि पहिल्याच दारात त्यांना आत घेतलं! जात्याची खुंटीसुद्धा बरोबर न्यावी लागली नाही.

आपण आठवड्यातच म्हणालात, मी असं सांगितलं नव्हतं, पैसे परत करा. ते खरं धरू. बँकेनं म्हटलं, दोघांची संमती आणा. आपण दावा लावलात. १९५७ मध्ये तो इंग्लंडच्या सर्वोच्च दरबारात, हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये पोचला आणि निकाल लागला की पैसा एका सार्वभौम राष्ट्राच्या वकिलापाशी आहे, सबब त्याला हात लावता येत नाही. पुन्हा वाचतो हुजूर : हात लावता येत नाही. आमच्या लातूरच्या कच्छ्याला, नळदुर्गच्या अरबाला, रात्री बार्शी गाठणाऱ्या आजीला जे मिळालं नाही ते त्या रकमेला मिळालं. ती रक्कम सत्तर वर्षं सुखरूप राहिली, खाल्लं-प्यालं, अंगावर मांस चढलं, आणि २ ऑक्टोबर २०१९ ला न्यायमूर्ती मार्कस स्मिथ यांनी भारत आणि आपले वारस यांच्या बाजूनं निकाल दिला तेव्हा ती साडेतीन कोटी पौंडांची झाली होती. गांधीजयंतीचा मुहूर्त साधला, हे त्यांच्या लक्षात नसावं.

आणि आपण? आपणही सुखरूप. १९५० च्या प्रजासत्ताक दिनी राजप्रमुख झालात. वर्षाला पन्नास लाखांचा तनखा. आमच्या जिल्ह्यातले सर्फ-ए-खासचे, म्हणजे आपल्या खासगीतले, तालुके गेले, त्याची भरपाई वेगळी. रझवीसुद्धा सुखरूप : तुरुंगात गेला, १९५७ मध्ये सुटला, पाकिस्तानात गेला, १९७० मध्ये कराचीत अंथरुणावर मेला. ज्यांच्या नावानं त्यानं हे सगळं मांडलं ते लातुरातच राहिले, काही जमिनीच्या वर, काही खाली.

एक वकिलात मात्र चालू होती. ती आपल्या दफ्तरात नाही म्हणून कळवतो. सुंदरलाल समितीनं लिहून ठेवलंय की काही गावांत हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांना वाचवलं. आपल्याच धर्माच्या जमावापुढं उभे राहिले, काहींनी त्यात जीव घालवला. कागद नाही, किताब नाही, कुणा राणीचं छत्र नाही. दोघांचा धंदा एक, एवढ्या ओळखीवर. हाली रुपयाची मजुरी मिळवणारी माणसं ती. त्यांची नावं अहवालात नाहीत. आपल्या मोईन नवाज जंगांचं आहे सगळीकडं.

पोरगा सलालाला पोचला. ‘वकिलात’ नावाचा नंबर अजून लावावा लागलेला नाही.

तेव्हा हुजूर, रुपया ठेवून घ्या आणि मोजताना एवढं पाहा. लंडनच्या खात्यातल्या रकमेचा हिशेब नऊ शिलिंगांपर्यंत लागलेला आहे. माणसांचा आकडा समितीला सत्तावीस हजार ते चाळीस हजार असाच लिहावा लागला. मधल्या तेरा हजारांचं अजून लिहायचं राहिलं आहे.

आपल्या माजी मुलखातला एक,
मुक्काम पोस्ट धाराशिव